फीच्या पुढची रेघ

वकीलसाहेबांनी हिशेबाचा कागद टेबलावरून माझ्याकडे सरकवला, तेव्हा बाहेर वळवाचा पाऊस नुकताच थांबला होता आणि कोर्टाच्या आवारातले टायपिस्ट मशिनांवरची मेणकापडं काढायला लागले होते. कागद पाठकोरा होता. मागच्या बाजूला कुणाच्या तरी जुन्या दाव्यातलं टंकलेखन, पुढच्या बाजूला निळ्या शाईत बारीक, तिरक्या अक्षरात एकाखाली एक ओळी. कोर्ट फी, जाहीर नोटीस, प्रतिज्ञापत्र, नकला, झेरॉक्स, पोस्ट. एके ठिकाणी ‘चहा’ लिहून खोडलेलं. खाली बेरीज, तिच्याखाली मी वेळोवेळी दिलेले पैसे तारखांसकट, आणि शेवटी ‘शिल्लक परत रु. ३१०’. ते तीनशे दहा रुपये टाचणीनं कागदाला टोचलेले. त्यांच्या खाली आणखी एक ओळ होती. ‘फी’, पुढे दोन टिंबं, आणि मग नुसती रेघ.

“साहेब, इथं आकडा राहिला.”

“राहिला नाही. तुम्ही घाला.”

एवढं बोलून ते दारातल्या पुढच्या पक्षकाराकडे वळले. मी कागद घडी करून खिशात ठेवला आणि बाहेर आलो. साताऱ्यात पाऊस पडून गेल्यावर अजिंक्यतारा एकदम जवळ आल्यासारखा दिसतो. मी स्कूटरपाशी उभा राहून किल्ल्याकडे बघत होतो, पण डोक्यात मघाचपासून एकच चाललं होतं. काकांच्या अडकलेल्या शेअरचे साडेअठरा लाख सुटले होते. त्यांचे दहा टक्के म्हणजे एक पंच्याऐंशी. फार होतात. पाच टक्के म्हणजे साडेब्याण्णव हजार. आणि मग माझं मलाच दचकायला झालं, कारण गेलं दीड वर्ष मी ज्या एका शब्दावरून घरात आणि बाहेर भांडत होतो, तो शब्द ‘टक्का’ होता.

काका माध्यमिक शाळेत शिक्षक होते. मूलबाळ नाही. ऐंशीच्या दशकात शिक्षक, तलाठी, पोस्टमास्तर अशा माणसांनाही शेअरचं वेड लागलं होतं, तेव्हा तेही चौकातल्या एजंटाकडून फॉर्म आणायचे, शंभर शंभर शेअरचे अर्ज भरायचे आणि अ‍ॅलॉटमेंट आली की काकूला न सांगता ती पत्र्याच्या ट्रंकेत टाकायचे. न सांगण्याचं कारण साधं होतं. काकूला त्या पैशाच्या बांगड्या हव्या असायच्या. ते गेल्यानंतर ट्रंक उघडली तेव्हा डांबरगोळ्यांचा वास खोलीभर पसरला आणि आत नऊ कंपन्यांची सर्टिफिकेटं निघाली, नक्षीदार किनारीची, जाड कागदाची, नोटांसारखी. चार कंपन्या कधीच बुडालेल्या. दोन दुसऱ्यांत विलीन झालेल्या. उरलेल्यांचा लाभांश पत्ता बदलल्यामुळे वर्षानुवर्षं परत जात राहिलेला. आणि सलग सात वर्षं लाभांश कुणी घेतला नाही की नुसता तो लाभांशच नाही, मूळ शेअरसुद्धा सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीत जमा होतात. त्याला सगळे आयईपीएफ म्हणतात. काकू ‘आयपीएल’ म्हणते.

हे आम्हाला कळण्याआधी एका परक्या माणसाला कळलेलं होतं. त्याचा फोन काकूला आला, दुपारी, ती वाल सोलत बसलेली असताना. तुमच्या मिस्टरांच्या नावावर मोठी रक्कम अडकली आहे, कुठं आणि किती ते आत्ता सांगता येणार नाही, आधी एका करारावर सही करा, आमचे वकील सगळं करतील, एक पैसा खर्च नाही, पैसे हातात आल्यावर पंचवीस टक्के. त्याला ही माहिती काही गुप्त तिजोरीतून मिळालेली नव्हती. कंपन्यांना अशा भागधारकांच्या याद्या आपल्या संकेतस्थळावर लावाव्याच लागतात. अशा याद्या चाळणं आणि मग वारसांचे फोन नंबर शोधणं हा आता एक धंदा झाला आहे, आणि धंद्याला माल भरपूर आहे. माझ्याच जुन्या व्यवसायातला आकडा सांगायचा तर फेब्रुवारी २०२३ अखेर सरकारी बँकांनी कुणी न मागितलेल्या ठेवींचे जवळपास पस्तीस हजार कोटी रुपये रिझर्व्ह बँकेकडे वर्ग केले होते. दहा कोटींच्या वर खाती. प्रत्येक खात्यामागे एक ट्रंक असणार, कुठल्यातरी माळ्यावर.

मी चिडलो. काकू मात्र खूश होती.

“अरे, पंच्याहत्तर तर मिळतील की! आत्ता किती मिळतायत?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या आजोळी जमीन अर्धेलीनं द्यायची पद्धत होती. मालक साताऱ्यात, कसणारा गावात, पीक निम्मं निम्मं. बी कुणाचं, खत कुणाचं यावर भांडणं व्हायची, पण निम्म्यावर कधी झाली नाहीत. काकू त्याच हिशेबानं बघत होती. पडीक रान होतं, कुणी कसतो म्हणाला, त्याला वाटा द्यायचा. त्यात लबाडी कसली? मी तिला समजावायला गेलो की हा माणूस रान कसत नाही, रान कुठं आहे एवढंच सांगायचे पैसे मागतोय. तर ती म्हणाली, “तुला तरी कुठं माहीत होतं?” आणि पुन्हा वाल सोलायला लागली.

तिनं सही केली. मला न सांगता, काका शेअरच्या बाबतीत करायचे तशीच.

पुढचं फार सांगण्यासारखं नाही. पाच महिने काही हललं नाही. एजंटाचा वकील पुण्याचा. फोन केला की त्याचा ज्युनिअर ‘प्रोसेसमध्ये आहे’ म्हणायचा. आयईपीएफचा अर्ज भरायला मुळात फी नसते, हे मी काकूला सरकारी संकेतस्थळावर दाखवलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. आम्ही कागद परत मागितले. ज्युनिअर म्हणाला, केलेल्या कामाचे पैसे द्या, मग मूळ सर्टिफिकेटं मिळतील. तेव्हा माझ्यातला बँकवाला जागा झाला. आम्ही बढतीच्या परीक्षेसाठी करार कायद्याचं कलम १७१ पाठ केलेलं असतं. येणं वसूल होईपर्यंत दुसऱ्याचा माल आपल्याकडे अडवून धरण्याचा हक्क कुणाकुणाला आहे, त्याची यादी त्यात आहे. बँकर, अडत्ये, धक्केवाले, उच्च न्यायालयाचे अ‍ॅटर्नी, विम्याचे दलाल. माझा एक मित्र ती यादी ओवीसारखी म्हणायचा. वकिलाला त्या यादीत बसवता येत नाही, थकलेल्या फीसाठी पक्षकाराची फाइल अडवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००० मध्ये सांगितलेलं आहे. ते प्रकरण मध्य प्रदेशातल्या एका सहकारी बँकेचं होतं, म्हणूनच आमच्या लोकांना ते ठाऊक. मी दोन ओळींचं रजिस्टर्ड पत्र धाडलं. कागद आठवड्यात कुरिअरनं आले. एका सर्टिफिकेटाचा कोपरा दुमडला होता, आणि काकू तो कितीतरी वेळ अंगठ्यानं सपाट करत राहिली.

त्या वकिलाचं वागणं चुकीचं होतं हे लिहायला मला दोन मिनिटं लागली. पण पंचवीस टक्के मागण्यात नेमकं चूक काय, हे शोधायला वेळ लागला, आणि मी अजून पुरता त्यातून बाहेर आलेलो नाही. वकिलांच्या आचारसंहितेत, म्हणजे बार कौन्सिलच्या नियमांत, हे सरळ लिहिलेलं आहे की निकालावर अवलंबून असलेली फी ठरवायची नाही आणि दाव्यातून मिळणाऱ्या पैशात वाटा घ्यायचा नाही. विसावा नियम. तो कुठून आला याचं मूळ शोधता शोधता मी १९५४ सालच्या एका निकालापाशी पोचलो. त्यातल्या वकिलाचं नाव निकालात दिलेलं नाही, नुसतं ‘मिस्टर जी’. सर्वोच्च न्यायालयाचा ज्येष्ठ वकील. पक्षकाराशी लेखी करार केलेला, वसूल होईल त्यातले पन्नास टक्के माझे. अर्धेलीच! मुंबई उच्च न्यायालयानं त्याची सनद सहा महिने निलंबित केली आणि सर्वोच्च न्यायालयानंही हे व्यावसायिक गैरवर्तन म्हटलं. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती विवियन बोस, आपल्या नागपूरच्या उच्च न्यायालयाचे पूर्वीचे मुख्य न्यायाधीश. त्यात ते एक गोष्ट लपवत नाहीत. दोन साध्या माणसांनी असा करार केला असता तर तो कायद्यानं चालला असता, असं ते म्हणतात. वकिलानं केला म्हणून चालणार नाही.

मला हे आवडलं आणि टोचलंही. म्हणजे काकूचा अर्धेलीचा न्याय खोटा नव्हता. एजंटानं टक्का मागितला तर तो चढा असेल, निर्लज्ज असेल, पण निव्वळ टक्का आहे म्हणून त्याला कोणी धरणार नाही. काळा कोट घातला की तेच शब्द गुन्ह्यासारखे होतात. का, तर ज्याचा निकालात वाटा आहे तो वकील राहत नाही, तोही एक वारस होतो. काकांचा वारस. ट्रंकेवर हक्क सांगणारा, वास न घेतलेला. त्याला दावा मिटवायची घाई झाली तर तो मिटवेल आणि ताणायचा मोह झाला तर ताणेल, आणि दोन्ही वेळा काकूला ‘तुमच्या हिताचं’ म्हणून सांगेल.

इथपर्यंत मी छान निष्ठूर झालो होतो. मग मला विड्या वळणारी ती बाई आठवली.

मी तेव्हा एका तालुक्याच्या शाखेत होतो. अपघातात माणूस गेला की न्यायाधिकरण भरपाई देतं, पण सगळी रोख हातात देत नाही. बायको-मुलांच्या नावानं बँकेत मुदतठेव करायला लावतं, म्हणजे दीर, भाऊ, सावकार कुणी ती एका दिवसात खाऊ नये. नव्वदच्या दशकापासून हा पायंडा पक्का झाला. आमच्याकडे अशा ठेवी पुष्कळ होत्या आणि त्यांच्या मुदतीच्या तारखा आमच्याइतक्याच वकिलांच्या कारकुनांनाही पाठ होत्या. त्या दिवशी ती बाई आली, बोटांना तंबाखूचा पिवळा रंग, पदर घट्ट. तिच्याबरोबर एक कारकून. तिनं अंगठा दिला, मी ओळख पटवली, रोखपालानं नोटा मोजल्या. ती तिथून सहा फुटांवरच्या बाकावर जाऊन बसली आणि तिनं त्या गड्डीचे दोन भाग केले. अंदाजानं नाही, मोजून. पत्ते पिसून वाटावेत तसे, एक इकडे एक तिकडे. कारकुनानं आपला भाग पिशवीत घातला आणि तिला रिक्षेला पन्नास रुपये दिले, तिच्याच पैशातून नव्हे, आपल्या खिशातून. मी काचेतून बघत होतो. माझ्यापुढे अजून चार माणसं उभी होती. मी पुढच्या माणसाचं पासबुक घेतलं.

मी काही बोललो नाही. काय बोलणार होतो? संध्याकाळी शिपायाशी बोलताना कळलं की त्या वकिलानं सहा वर्षं ते प्रकरण एक रुपया न घेता चालवलं होतं. एसटीचं भाडंसुद्धा तोच द्यायचा. दीरानं तर तिला ‘चौथा झाला, आता कोर्टबिर्ट नको’ म्हणून सांगितलेलं. तो वकील नसता तर ती गड्डीच नसती. म्हणून निम्मी त्याची? मला त्या वेळी ‘हो’ही म्हणता आलं नाही आणि ‘नाही’ही. आज काउंटरवर असतो तर कदाचित शाखाधिकाऱ्याला उठवलं असतं. कदाचित. छत्तीस वर्षांत मी किती वेळा ‘माझ्या अधिकारात येत नाही’ हे वाक्य वापरलं, त्याचा हिशेब कुणी पाठकोऱ्या कागदावर लिहिला तर मलाही ती बेरीज बघवणार नाही.

२०१७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं अगदी अशाच एका विधवेच्या प्रकरणात निकाल दिला. तेलंगणातली बाई, नवरा अपघातात गेलेला, भरपाई मिळाली. फी दिल्यावरही वकिलानं आणखी पैशाचा धनादेश लिहून घेतला, असं तिचं म्हणणं. तो वटला नाही, तर वकिलानं तिच्यावरच धनादेश न वटल्याची फौजदारी केली. न्यायालयानं ती फौजदारी रद्द केली आणि म्हटलं की मिळालेल्या रकमेच्या टक्केवारीवर फी मागणं हे सार्वजनिक धोरणाच्याच विरुद्ध आहे. फीवर नियंत्रण आणणारा कायदा हवा, असंही त्यात आलं. मी तो निकाल निवृत्तीनंतर वाचला. वाचताना बोटांचा तो पिवळा रंगच समोर येत होता. त्या बाईला अशी फौजदारी झेपली असती का? धनादेश म्हणजे काय हेच तिला माहीत नव्हतं. तिनं रोख दिले, तिथंच, बाकावर. त्याला ना पावती, ना तक्रार, ना निकाल.

आपल्याकडे फी तपासायला माणूस कधी नव्हताच असं नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत टॅक्सिंग मास्टर नावाचा अधिकारी असतो. सॉलिसिटरांची बिलं त्याच्यापुढे जायची, आणि तो एकेक कलम वाचून, हे जास्त, ते अनावश्यक, असं म्हणत कात्री लावायचा. पण ते फोर्टातलं, घड्याळवाल्या मुंबईतलं. मोफसल, म्हणजे जिल्ह्या-तालुक्याच्या कोर्टात फी म्हणजे वकील आणि पक्षकार यांच्यातली खासगी गोष्ट, लग्नातल्या मानपानासारखी. वकिलानं पक्षकाराच्या पैशाचा हिशेब ठेवावा, काय आलं, काय गेलं, फीपोटी किती वळते केले, तारखांसकट, हेही बार कौन्सिलच्या नियमात आहे. पण तो हिशेब बघायचा कुणी? फसवलं गेल्यावर बार कौन्सिलकडे तक्रार करता येते, ती वर्षभरात निकाली निघाली नाही तर दिल्लीला जाते. ग्राहक मंचाचा दरवाजा २०२४ च्या मे महिन्यात बंद झाला; वकिली ही तशी ‘सेवा’ नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं. सत्तरी ओलांडलेली माझी काकू यांतल्या कुठल्या दारात उभी राहणार होती, मला दिसत नाही.

माझी मावसबहीण कॅलिफोर्नियात असते. तिच्या नवऱ्याची अविवाहित आत्या तिकडेच वारली, आणि त्या घराचं, बँकेतल्या पैशाचं सगळं तिथल्या प्रोबेट कोर्टातून झालं. मी तिला काकूची कथा फोनवर सांगितली तर ती हसायलाच लागली. “टक्का? अरे, आमच्याकडे टक्का कायद्यातच लिहिलाय.” आणि खरंच आहे. तिकडे मालमत्तेच्या पहिल्या एक लाख डॉलरवर वकिलाला चार टक्के, पुढच्या लाखावर तीन, त्यापुढच्या आठ लाखांवर दोन, असं उतरत जातं. साध्या कामाला एवढंच. कुणी बळकावलेली मालमत्ता परत मिळवायची असेल, दावा लावायचा असेल, तर त्याची फी वेगळी, आणि ती न्यायाधीशासमोर मांडून मंजूर करून घ्यायची. निकालावर अवलंबून फी ठरवायची तरी आधी कोर्टाची परवानगी. त्यांच्या वकिलानं जादा कामाचे तास लिहून दिले होते, सहा मिनिटांच्या हिशेबानं. न्यायाधीशबाईंनी त्यातला एक फोन काढून टाकला. आत्याच्या मांजराची सोय कुठं झाली हे विचारायला वकिलानं केलेला फोन. हे कायद्याचं काम नाही, म्हणाल्या. मावसबहिणीला त्याचं वाईट वाटलं. “तेवढा एकच फोन त्यानं माणसासारखा केला होता,” ती म्हणाली.

इकडे आमचे हे वकील. वय अठ्ठ्याहत्तर, कोटाच्या बाह्या झिजून चकाकणाऱ्या. मी कागद घेऊन गेलो तेव्हा त्यांनी आधी काकूला विचारलं, काकांचा विषय कुठला? “गणित आणि भूगोल.” ते म्हणाले, मग सर्टिफिकेटं क्रमवार लावलेली असतील. होतीच. वारसाचा दाखला की सक्सेशन सर्टिफिकेट, यावर त्यांनी आम्हाला अर्धा तास शिकवलं. आपल्या भागात १८२७ सालच्या मुंबईच्या एका रेग्युलेशनवर अजूनही वारस दाखले मिळतात, कंपनी सरकारच्या काळातला कायदा, पण शेअर आणि ठेवींसाठी १९२५ च्या वारसा कायद्याखालचं सर्टिफिकेटच घ्यावं, म्हणजे कंपनीला कुरकुर करायला जागा उरत नाही. फीचं मी त्याच दिवशी विचारलं होतं. काकूकडे आगाऊ द्यायला फारसं नव्हतं, आणि माझे पैसे तिला नको होते. ते म्हणाले, खर्च तेवढा देत राहा, बाकी बघू. मी जरा खवचटपणे विचारलं, म्हणजे पैसे आले तर?

“आले नाहीत तरी मागणार आहे मी,” ते म्हणाले. “काम केल्याचे मागणार. पैसे आल्याचे नाही.”

तेव्हा हे वाक्य मला फार आवडलं होतं. घरी येऊन मी ते बायकोला म्हणून दाखवलं. आता ती रेघ खिशात घेऊन फिरताना मात्र मला त्यांचा रागच येत होता. मागणार होतात ना, मग मागा की! आकडा सांगितला असता तर आम्ही घासाघीस केली असती, जास्त वाटला असता तर मागून नावं ठेवली असती, कमी वाटला असता तर पेढे दिले असते. ही रेघ म्हणजे दक्षिणा झाली, यथाशक्ती. आणि भटजीला यथाशक्ती देताना आपण शेजारच्यानं किती दिले ते हळूच विचारतोच. मी साताऱ्यातल्या दोन ओळखीच्यांना विचारलं. एकानं पंधरा हजार सांगितले, दुसऱ्यानं दीड लाख. दोघांचं काम एकच, रकमा वेगळ्या. म्हणजे तिथंही आत कुठंतरी टक्का बसलेला होताच, फक्त त्याचं नाव कुणी घेत नव्हतं.

काकूपुढे कागद ठेवला. तिनं चष्मा लावून सगळ्या ओळी वाचल्या, ‘चहा’ खोडलेला पाहून “हे का खोडलं?” विचारलं. मग म्हणाली, सोनाराला घडणावळ कशी देतो आपण? वजनावर. एक तोळ्याची बांगडी आणि दोन तोळ्यांची बांगडी, ठोके तेवढेच. तरी दुप्पट देतो. मग वकिलाला वजनावर का नको? मी तिला विवियन बोस सांगावेत की काय असा विचार करत होतो, तेवढ्यात तिनंच दुसरा प्रश्न टाकला. किती तारखा झाल्या? मी मोजल्या. सात. पैकी दोनदा न्यायाधीश रजेवर. त्याशिवाय कंपन्यांची पत्रं, सही जुळत नाही म्हणून परत आलेला फॉर्म, काकूचं डिमॅट खातं उघडताना बँकेत तिच्या बोटांचे ठसे मशीनवर उमटेनात तो सबंध दिवस. त्या दिवशी वकीलसाहेब बरोबर आले होते, गरज नसताना, आणि काकूशी लोणच्याच्या मिठावर बोलत बसले होते. तो दिवस कशात धरायचा? तो फीत येतो, की तिकडच्या मांजराच्या फोनसारखा काढून टाकायचा?

“तो दिवस धर,” काकू म्हणाली. “दोनदा धर.”

आम्ही जेवणाच्या टेबलावर बसून बराच वेळ आकडे मांडले. तारखेला इतके, पत्राला इतके. बेरीज साठच्या आसपास येत होती, कधी पन्नासच्या. दर वेळी कुठंतरी मन अडायचं. शेवटी एक आकडा ठरला. कसा ठरला ते मी काकूला सांगितलं नाही. ती उठून भाकरी टाकायला गेली होती, तेव्हा मी मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर तो काढला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं गेलो. काकूनं कंदी पेढ्यांचा पुडा घेतलेला. वकीलसाहेबांचा कोट खुर्चीच्या पाठीवर होता आणि ते बनियनच्या वर नुसता पांढरा सदरा घालून पेपर वाचत होते. मी कागद पुढे केला. रेघेच्या वर, माझ्या बँकेच्या अक्षरात, आकडा होता. त्यांनी तो बघितला. चष्मा कपाळावर सारून पुन्हा बघितला.

“पंचावन्न हजार पाचशे,” ते म्हणाले. “साडेअठराचे तीन टक्के.”

माझे कान तापले. काकूनं माझ्याकडे बघितलं, मी पेढ्यांकडे.

त्यांनी टेबलावरची पेन्सिल उचलली, माझ्या आकड्यातल्या पाचशेवर हलकेच काट मारली आणि बाजूला त्यांची बारीक, तिरकी सही केली. “पंचावन्न करा. नाहीतर टक्का होतो.”

मग त्यांनी खणातून पावतीपुस्तक काढलं, कार्बन नीट लावला, आणि काकूला तिचं पूर्ण नाव विचारून हळूहळू लिहायला लागले. एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट त्यांच्या पाकिटात सापडेना. काकूनं आपल्या बटव्यातून काढून दिलं. काकांच्या पेन्शनच्या वेळचं होतं, जरा पिवळं पडलेलं.